आडोल्फ बूटेनांट आणि अक्काची गोळी

मंडळी, जर्मनीत चार वर्षं काढलेल्या प्रत्येकाला माक्स प्लांक हे नाव ठाऊक असतं. आपल्या ओळखीची कितीतरी मुलं या संस्थेत पीएच.डी.ला येतात. पण १९६० ते १९७२ अशी बारा वर्षं या माक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्ष कोण होते, असं विचारलं तर आपल्यातले बहुतेकजण गप्प बसतील. त्यांचं नाव आडोल्फ बूटेनांट. ऑटो हान यांच्यानंतर ते त्या खुर्चीवर आले. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ, आणि आयुष्याचा शेवटचा मोठा काळ म्युनिकमध्ये काढलेले, म्हणजे आमच्या गावचेच म्हणा ना!

यंदा त्यांच्यावर लिहायचं कारण मात्र घरगुती आहे. सांगलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, साठीच्या पुढे स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि मग डॉक्टरांनी लेट्रोझोलची रोज एक गोळी पाच वर्षांसाठी लिहून दिली. काही महिन्यांतच सकाळी उठल्यावर तिची बोटं आखडायला लागली, गुडघे धरायला लागले. तिनं फोनवर सरळ विचारलं, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली, ते दुकान कधीच बंद झालं, मग आता हार्मोनचं औषध कशाला? गोळी बंद करायचं तिनं मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. घरात केमिस्ट्री शिकलेली मी एकटी, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर शोधता शोधता मी बूटेनांट यांच्या आयुष्यात जाऊन पोचले.

त्यांचा जन्म २४ मार्च १९०३ रोजी लेहे इथला. हे गाव आज ब्रेमरहाफेन शहरात सामावलेलं आहे. शिक्षण मारबुर्ग आणि गटिंगेनला झालं. गटिंगेनला त्यांना गुरू भेटले आडोल्फ विंडाउस, कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांवरच्या कामासाठी १९२८ चं नोबेल मिळवणारे. त्या सुमाराला बर्लिनची शेरिंग कंपनी स्त्रियांच्या हार्मोनच्या मागे लागली होती. तिला हे काम करणारा हुशार केमिस्ट हवा होता आणि विंडाउसनी आपल्या या तरुण शिष्याचं नाव सुचवलं.

आता कच्चा माल कोणता? मूत्र! हसू नका. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या सेल्मार आशहाइम आणि बेर्नहार्ड त्सोंडेक या दोन डॉक्टरांनी १९२७ साली दाखवून दिलं होतं, की गरोदर बाईच्या मूत्रात हे हार्मोन भरपूर असतं. शेरिंगनं ते गोळा करून त्याचा अर्क गटिंगेनला पाठवायला सुरुवात केली. बूटेनांट तो अर्क शुद्ध करत. पण त्यात हार्मोन आहे की नाही हे कळायचं कसं? अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना तो टोचायचा आणि त्यांच्यात माजाची लक्षणं दिसतात का ते बघायचं. हे किचकट काम एरिका फॉन त्सीग्नर ही प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ करत असे. १९२९ साली शुद्ध स्फटिक हाती आले. तेव्हा बूटेनांट २६ वर्षांचे होते. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनीही स्वतंत्रपणे हेच साधलं. या पदार्थाला आज आपण इस्ट्रोन म्हणतो. इस्ट्रोजेन कुटुंबातलं शुद्ध स्वरूपात मिळालेलं हे पहिलं हार्मोन. आणि १९३१ साली एरिकाबाई सौ. बूटेनांट झाल्या. पुढे त्यांना सात मुलं झाली.

त्याच वर्षी दुसरी मोहीम झाली, पुरुषांच्या हार्मोनची. या वेळी मूत्र आलं बर्लिनच्या पोलिसांच्या बराकींमधून, सुमारे १५ हजार लिटर! त्यातून हाती लागलं फक्त १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन, म्हणजे जेमतेम चिमूटभर. १९३४ साली सुमारे ५० हजार डुकरिणींच्या अंडाशयांतून त्यांनी प्रोजेस्टेरोन वेगळं केलं. चिकाटी म्हणजे काय, ते या माणसाकडून शिकावं.

आता अक्काच्या प्रश्नाकडे येते. या स्फटिकांमुळे रसायनशास्त्रज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली. पुरुषांचं हार्मोन आणि स्त्रियांचं हार्मोन ही दोन टोकं नाहीत, ती सख्खी भावंडं आहेत. दोघांचा सांगाडा तोच, चार कड्यांचा. अँड्रोस्टेरोनमध्ये कार्बनचे १९ अणू, इस्ट्रोनमध्ये १८. एक कार्बन गळला आणि एका कड्याची ठेवण बदलली, की पुरुषांच्या घराण्यातलं हार्मोन स्त्रियांच्या घराण्यात येतं. त्सोंडेक यांना तर १९३४ साली घोड्याच्या, मादीच्या नव्हे, नराच्या मूत्रात प्रचंड इस्ट्रोजेन सापडलं आणि शरीरातच एकाचं दुसरं होत असणार, असा तर्क त्यांनी केला.

आपल्या शरीरात हेच चालतं. पाळी गेल्यावर अंडाशयाचं मोठं दुकान बंद होतं हे खरं. पण मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरुष-हार्मोनच्या जातीचे पदार्थ बायकांच्या शरीरातही बनवत राहतात. चरबी, स्नायू आणि खुद्द स्तनातल्या पेशींमध्ये अ‍ॅरोमटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते त्यातला कार्बन काढून इस्ट्रोजेन तयार करतं. मोठं दुकान बंद, पण गल्लोगल्ली टपऱ्या चालू! प्रमाण थोडं असतं, पण ज्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात त्यांना तेवढंही पुरतं. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधं नेमकं हे एन्झाइम अडवतात. टॅमॉक्सिफेन हे जुनं औषध वेगळ्या वाटेनं जातं. ते इस्ट्रोजेनला पेशीच्या दाराशीच रोखतं.

इथे एक घोटाळा होतो. आपण मराठीत सगळ्यालाच हार्मोनची गोळी म्हणून मोकळे होतो. पाळी जाताना घाम येतो, जीव घाबरा होतो, म्हणून काही बायकांना देतात ती गोळी हार्मोन पुरवते. शेरिंगचं १९२८ सालचं प्रोगिनोन तसलं होतं. अक्काची गोळी बरोबर उलटी, ती हार्मोन तोडते. जर्मन डॉक्टर हिला अँटीहोर्मोनथेरपी म्हणतात. नावातच अँटी असल्यामुळे इथे गोंधळ जरा कमी होतो.

असो. बूटेनांट यांच्या गोष्टीचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणं बरोबर होणार नाही.

१९३३ साली हिटलर आला. मूत्रातलं हार्मोन दाखवून देणारे आशहाइम आणि त्सोंडेक दोघेही ज्यू. त्सोंडेकना बर्लिनमधल्या पदावरून काढलं. ते स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला गेले आणि तिथल्या हदासा हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम केलं. आशहाइम फ्रान्सला गेले. बर्लिन-डालेमच्या बायोकेमिस्ट्रीच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटचे संस्थापक-संचालक कार्ल नॉयबेर्ग हेही ज्यू, त्यांनाही पद सोडावं लागलं. त्या रिकाम्या खुर्चीवर १९३६ साली कोण बसलं? ३३ वर्षांचे बूटेनांट. हार्वर्डचं बोलावणं आलेलं असताना ते त्यांनी नाकारलं होतं. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सभासद झाले.

१९३९ साली त्यांना लिओपोल्ड रुझिच्का यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पण छळछावणीत डांबलेले पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना शांततेचं नोबेल दिल्यामुळे हिटलर चिडलेला होता, त्यानं जर्मनांना नोबेल घ्यायला बंदीच केली होती. बूटेनांटना नकार कळवावा लागला. पदक आणि प्रशस्तिपत्र मिळालं ते १९४९ साली, पैसे नाहीत.

आणि त्याच १९४९ सालची दुसरी गोष्ट मला फार बोचते. ओटमार फॉन फेर्शुअर हे वंशशास्त्रज्ञ आउशवित्झच्या मेंगेलेचे गुरू. युद्धानंतर त्यांच्या वागणुकीची शहानिशा करायला काही नामवंत शास्त्रज्ञ बसले आणि त्यांनी फेर्शुअरना अनुकूल असं टिपण दिलं. त्या सह्यांमध्ये बूटेनांट यांचीही सही आहे. फेर्शुअर पुढे म्युन्स्टरला प्राध्यापक झाले. बूटेनांट अध्यक्ष असताना हा जुना हिशेब सोसायटीनं मांडला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकाच्या शेवटी, इतिहासकारांचं मंडळ नेमून उघडला गेला. २००१ साली तेव्हाचे अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेल्या जुळ्या भावंडांची माफी मागितली.

त्यांचं विज्ञान मात्र थांबलं नाही. १९५९ साली पाच लाख रेशीम-पतंगांच्या माद्यांमधून त्यांनी बोंबिकोल वेगळं केलं. मादीनं नराला बोलावण्यासाठी सोडलेला हा गंध, जगाला कळलेला पहिला फेरोमोन. त्यासाठी जवळजवळ वीस वर्षं गेली होती.

अक्काला मी हे सगळं फोनवर सांगितलं, टपऱ्यांसकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, की दुखणं तर माझंच आहे ना. खरंच आहे ते, दुखणं खोटं नाही. या गोळ्यांनी सांधे धरतात, अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, मनाशी ठेवून गोळी बंद करायची नसते. ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हाडांची डेक्सा तपासणी केली, व्हिटॅमिन डी सुरू केलं, रोज चालायला सांगितलं आणि लेट्रोझोल बदलून त्याच जातीचं एक्झेमेस्टेन दिलं. सगळ्यांना बदलून उतार पडतो असं नाही, अक्काला बराच पडला. आता तिसरं वर्ष चालू आहे.

बूटेनांट १८ जानेवारी १९९५ रोजी म्युनिकमध्ये वारले, ९१ वर्षांचे होऊन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत अनास्ट्रोझोलला परवानगी मिळाली. त्या गोळीमागे ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अँजेला ब्रॉडी यांच्यासारख्या संशोधकांची कित्येक वर्षं होती. पण त्या वाटेच्या सुरुवातीला गटिंगेनचे ते स्फटिक आहेत, आणि त्यांच्याही आधी बर्लिनचे ते दोन डॉक्टर, ज्यांना त्यांच्याच देशानं हाकललं. मला वाटतं, उपकार मानायचे ते या सगळ्यांचे मानावेत, आणि बूटेनांट यांचे मानताना त्यांची १९४९ ची सहीही लक्षात ठेवावी.

दिवाळीला तुम्ही सगळे गावी फोन करालच. मावशी, आत्या, वहिनी यांच्यापैकी कुणी अशी गोळी घेत असेल, तर फराळाची चौकशी झाल्यावर एवढंच विचारा, की गोळी चालू आहे ना, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना सांगितलंय ना? शुभ दीपावली!