फोटो ५१ नंतरची रोझलिंड

रोझलिंड फ्रँकलिन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? डीएनए, ‘फोटो ५१’ आणि वाट्याला न आलेलं नोबेल. बरोबर? पण तिची गोष्ट तिथेच थांबवली, तर अर्धं आयुष्य वाचायचं राहून जातं.

जन्म २५ जुलै १९२०, लंडन. केंब्रिजला केमिस्ट्री, कोळशावर पीएचडी, मग पॅरिसमध्ये क्ष-किरणांचं तंत्र. १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. १९५२ मधला फोटो ५१ तिच्या आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंगच्या कामातला. तो तिच्या नकळत वॉटसनला दाखवला गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

१९५३ मध्ये ती बर्कबेक कॉलेजात गेली आणि नवा विषय हातात घेतला: तंबाखूच्या पानांवर डाग पाडणारा व्हायरस, टीएमव्ही. त्यात असतं काय? आरएनएचा एक धागा आणि एकसारखे सुमारे २१३० प्रोटीन. बस्स!

भन्नाट गोष्ट पुढेच आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कलेला फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी सुटं केलेलं प्रोटीन आणि आरएनए एकत्र मिसळलं. व्हायरस आपोआप जुळला, शिवाय पानांना रोगही लावू लागला! यालाच म्हणतात सेल्फ-असेंब्ली.

पण हे सगळं आत बसतं कसं? ते रोझलिंड आणि तिच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. प्रोटीन गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले, मधोमध पोकळी. आरएनए त्या पोकळीत असेल असं तुम्हाला वाटेल. नाही! तो प्रोटीनच्या थरातच रुतून बसलेला असतो.

१९५६ मध्ये तिला कॅन्सर असल्याचं कळलं. ऑपरेशनं झाली, तरी लॅब सुटली नाही. उलट तिने पोलिओच्या व्हायरसवर काम सुरू केलं. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, फक्त ३७ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. तिथे तिच्या टीएमव्हीचं मोठं मॉडेल मांडलेलं होतं. ते बघायला ती नव्हती.

तिचा सहकारी एरन क्लुग याला १९८२ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. व्हायरसच्या अभ्यासाकडे आपल्याला रोझलिंडनेच वळवलं, हे त्याने नोबेलच्या भाषणात आवर्जून सांगितलं.

तेव्हा पुढच्या वेळी पुस्तकात फोटो ५१ दिसला, की तिथेच थांबू नका. व्हायरसचा धडा काढा आणि टीएमव्हीची आकृती बघा. तिथेही रोझलिंड आहे.