गुळवेलीची परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर

पित्तनलिका तुंबल्याने कावीळ झालेला रुग्ण परळच्या केईएम रुग्णालयात दाखल झाला, की शल्यचिकित्सकांपुढे दोन चिंता असत. नलिकेतला खडा किंवा गाठ दूर करणे ही पहिली. दुसरी त्याहून मोठी. शस्त्रक्रिया नीट पार पडूनही पुढे जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत. या दुसऱ्या चिंतेवर उपाय शोधताना डॉ. शरदिनी डहाणूकर गुळवेलीकडे वळल्या.

केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्या औषधशास्त्र शिकवत. मराठी वाचक त्यांना ओळखतात ते ‘फुलवा’, ‘हिरवाई’, ‘वृक्षगान’ या पुस्तकांमुळे. झाडांवर त्यांचा जीव होता, पण प्रयोगशाळेत त्यांनी झाडांना सवलत दिली नाही. आयुर्वेदाने ‘रसायन’ म्हटलेल्या गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, आवळा, हिरडा आणि पिंपळी यांची त्यांनी सहकाऱ्यांसोबत अनेक वर्षे तपासणी केली.

यकृताचे काम समजून घेतले, तर त्यांचा विचार लक्षात येतो. आतड्यातून शोषलेले जवळपास सारे काही आधी यकृतात येते. तिथल्या मुख्य पेशी औषधे आणि वनस्पतींतील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये यांचे रूपांतर करून ती बाहेर टाकण्याजोगी करतात. शेजारच्या कुप्फर पेशी पहारेकरी असतात. आतड्यातून आलेले जंतू आणि त्यांची विषे त्या गिळतात. पित्त तुंबले की हा पहारा ढिला पडतो आणि संसर्ग रक्तात पसरतो.

डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांनी आधी उंदरांवर प्रयोग केले. मग ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांत शस्त्रक्रियेपूर्वी साचलेले पित्त नळीवाटे बाहेर काढले. एका गटाला त्या काळात गुळवेलही दिली. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातील संसर्गाची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२ टक्के होते.

इथे थांबून गुळवेल यकृत सुधारते असे जाहीर करणे सोपे होते. पण या गटाने यकृताचा चयापचयही मोजला होता. अँटिपायरीन हे औषध देऊन शरीर ते किती वेगाने निकाली काढते, हे पाहिले होते. त्यात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि निबंधात तसे स्पष्ट लिहिले गेले. सुधारली होती ती जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकद. १९९४ मध्ये यकृताला इजा केलेल्या उंदरांवरील प्रयोगात कुप्फर पेशींवरही गुळवेलीचा परिणाम दिसला. म्हणजे गुळवेलीने कारखाना दुरुस्त केला नव्हता, पहारा मजबूत केला होता.

२००२ मध्ये डहाणूकर यांचे निधन झाले. कोविडच्या साथीत गुळवेल घरोघरी पोहोचली, तीही बहुधा कोणाला न विचारता. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पण पहारा जागवणारे द्रव्य एखाद्याच्या शरीरात स्वतःच्याच पेशींवर उलटू शकते, ही शंका त्यातून पुढे आली.

असा धोका एकट्या गुळवेलीचा नाही. ग्रीन टीचा घोट निरुपद्रवी असतो. पण त्यातील कॅटेचिन हे पॉलिफेनॉल अर्क करून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले.

डहाणूकर यांच्या अभ्यासात रुग्ण मोजके होते, आजार ठरलेला होता, मात्रा आणि मुदत ठरलेली होती, शिवाय रक्ताच्या तपासण्या सुरू होत्या. स्वयंपाकघरात उकळलेल्या काढ्याला यातले काहीच नसते. म्हणून यकृताचा किंवा स्वप्रतिरोधाचा आजार असलेल्यांनी गुळवेल घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. काढा घेताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर तो थांबवून लगेच तपासणी करावी.