कोल्ह्यांना माणसाळवणारा शास्त्रज्ञ

लांडग्याचा कुत्रा व्हायला हजारो वर्षे लागली आणि तो बदल घडत असताना त्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. विसाव्या शतकातील एका रशियन शास्त्रज्ञाने तसाच बदल आपल्या डोळ्यांसमोर घडवून पाहायचे ठरवले. तेही अशा काळात, जेव्हा त्याच्या देशात आनुवंशिकीचे नाव घेणेही धोक्याचे होते. त्याचे नाव दिमित्री बेल्यायेव.

बेल्यायेव यांचा जन्म १७ जुलै १९१७ चा, म्हणजे ऑक्टोबर क्रांतीच्या काही महिने आधीचा. वडील कोस्त्रोमा प्रांतातील प्रोतासोवो या खेड्यात धर्मगुरू होते. क्रांतीनंतरच्या रशियात धर्मगुरूच्या मुलाची वाट सोपी नव्हती. थोरला भाऊ निकोलाय आनुवंशिकीचा अभ्यासक होता. त्याच्याकडे मॉस्कोत राहत असताना दिमित्री यांना या विषयाची गोडी लागली. १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत निकोलायला अटक झाली आणि गोळ्या घालून ठार मारण्यात आले. पुढच्याच वर्षी धाकट्या भावाने इव्हानोवोच्या कृषी संस्थेतून पदवी घेतली आणि नंतर मॉस्कोत फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या पैदाशीवर संशोधन सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि मेजर होऊन परतले.

परतल्यावर गाठ पडली ती त्रोफिम लिसेंकोशी. मेंडेलचे नियम थोतांड ठरवणाऱ्या या इसमाला सत्तेचा पाठिंबा होता. ऑगस्ट १९४८ मध्ये आनुवंशिकीवर जवळजवळ बंदीच आली आणि बेल्यायेव यांचे विभागप्रमुखपद गेले. मात्र फर हा परकीय चलन मिळवून देणारा माल असल्याने त्यांचे काम पूर्ण थांबले नाही. कागदोपत्री ते प्राण्यांच्या शरीरक्रियेचे संशोधन होते.

त्यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घर करून होता. कुत्रा, डुक्कर, गाय, घोडा यांचे पूर्वज एकमेकांपासून इतके भिन्न, मग माणसाळल्यावर या सर्वांत ठिपकेदार अंग, लोंबते कान, वर्षभर होणारे प्रजनन अशी सारखीच लक्षणे का दिसावीत? ही लक्षणे कोणी मुद्दाम निवडलेली नसावीत, असा त्यांचा कयास होता. माणसाने निवडली ती फक्त सौम्य वृत्ती. बाकीचे सारे तिच्यापाठोपाठ आले.

१९५८ मध्ये ते सैबेरियातील नोवोसिबिर्स्कच्या नव्या विज्ञाननगरीत गेले. तिथल्या कोशिकाशास्त्र व आनुवंशिकी संस्थेचे पहिले संचालक दुबिनिन यांच्यावर ख्रुश्चेव्हची मर्जी फिरली आणि १९५९ मध्ये संस्थेची सूत्रे बेल्यायेव यांच्याकडे आली. त्याच वर्षी मॉस्को विद्यापीठातून आलेल्या ल्युदमिला त्रुत या तरुणीवर त्यांनी प्रयोगाची जबाबदारी सोपवली. प्राणी निवडला रुपेरी कोल्हा. (आपल्या रानातला कोल्हा वेगळा, हा खोकडाच्या जातकुळीतला. सोयीसाठी कोल्हाच म्हणू.)

पद्धत साधी होती. फरच्या फार्मवरील ३० नर आणि १०० माद्यांपासून सुरुवात झाली. पिल्लू महिन्याचे झाले की माणसाने हातातून खाऊ द्यायचा, अंगाला हात लावायचा आणि ते चावते, पळते की जवळ येते हे टिपायचे. शिकवायचे काही नाही, लाड तर मुळीच नाहीत. ज्यांची भीती सर्वांत कमी, त्यांचीच पैदास करायची. पुढे पुढे नरांपैकी जेमतेम चार-पाच टक्के आणि माद्यांपैकी वीस टक्केच या कसोटीला उतरत. न निवडलेल्यांना शेवटी फरचा बाजारच होता, हेही सांगायला हवे.

चौथ्या पिढीत एका पिल्लाने माणसाला पाहून शेपूट हलवली. सहाव्या पिढीत हात चाटणारी, माणसासाठी कुंईकुंई करणारी पिल्ले दिसू लागली. तेव्हा ती शंभरात दोनही नव्हती, दहाव्या पिढीत मात्र अठरा झाली. काहींच्या कपाळावर पांढरा चांद आला, काहींचे कान लोंबते राहिले, शेपट्या वर वळल्या. रक्तातील ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाणही घटत गेले.

१९७४ मध्ये त्रुत फार्मवरच्या एका लहान घरात पुशिंका नावाच्या कोल्हीसोबत राहू लागल्या. पुशिंका तिथेच व्याली आणि नवजात पिल्लू तोंडात धरून तिने त्रुत यांच्या पायाशी आणून ठेवले. एका रात्री बाहेर चाहूल लागताच ती भुंकत धावली. येणारा चोर नव्हता, फार्मचाच पहारेकरी होता. पण कोल्ही राखणीला उठली होती, आणि हे तिला कोणी शिकवले नव्हते.

१९७८ मध्ये मॉस्कोत जागतिक आनुवंशिकी परिषद भरली, तेव्हा तिच्या आयोजनात बेल्यायेव अग्रभागी होते. ज्या विद्येपायी भावाचा जीव गेला, तिचे जगभरातले जाणकार मॉस्कोत जमले होते.

त्यांच्या सिद्धान्तावर आक्षेप आहेत. सुरुवातीचे कोल्हे अगदीच रानटी नव्हते. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील फार्ममध्ये त्यांच्या पूर्वजांची कित्येक पिढ्या पैदास झाली होती आणि पांढरे ठिपके तेव्हाही दिसत होते, याकडे २०१९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी लक्ष वेधले. आक्षेप वजनदार आहे. मात्र स्वभाव पिढ्यांतून उतरतो आणि निवडीने काही दशकांत पालटतो, या मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी बेल्यायेव यांचे निधन झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर फार्मकडे खाद्यालाही पैसे उरले नाहीत. पोटच्या पोरांसारखे जपलेले कितीतरी कोल्हे गमवावे लागले. १९९९ मध्ये त्रुत यांनी अमेरिकेतील नियतकालिकात लेख लिहून ही अवस्था मांडली आणि जगभरातून मदत येऊ लागली. त्यांनी २०२४ मध्ये जगाचा निरोप घेतला. बेल्यायेव यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१७ मध्ये नोवोसिबिर्स्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या शेजारी शिल्पकाराने एक कोल्हाही घडवला आहे.