गॅलिलिओचा त्रिकोण

विद्यार्थी मित्रांनो, हातातून सुटलेला दगड तुम्ही नेहमी पाहता. खाली येताना त्याचा वेग वाढत जातो. पण तो कसा वाढतो? पापणी लवते न लवते तोच दगड जमिनीवर पोहोचतो. मग मोजायचे कसे? सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीतील गॅलिलिओने हा प्रश्न सोडवला.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा शहरात झाला. त्याचे वडील संगीतकार होते. मुलाने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण गॅलिलिओचे मन गणितात रमले. वैद्यकाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले. १५८९ मध्ये तो पिसा येथे आणि १५९२ मध्ये पाडुआ येथे गणिताचा प्राध्यापक झाला.

पडणारी वस्तू फार वेगाने जाते, म्हणून त्याने एक युक्ती केली. लांब लाकडी फळीला त्याने गुळगुळीत खाच पाडली. फळी थोडी तिरकी ठेवून तो खाचेतून धातूचा गोळा सोडी. उतारावरून गोळा सावकाश खाली येई. त्या काळी सेकंद मोजणारी चांगली घड्याळे नव्हती. म्हणून तो मोठ्या भांड्यातून पाण्याची बारीक धार पेल्यात धरी आणि जमलेले पाणी तोली. पाणी जितके जास्त, तितका वेळ जास्त! वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, असे त्याला आढळले.

असे का होते? आता तुम्ही कागद घ्या. आडव्या रेषेवर वेळ मांडा आणि उभ्या रेषेवर वेग. समजा, गोळा स्थिर होता. ४ सेकंदांत त्याचा वेग सारखा वाढत जाऊन सेकंदाला ४ मीटर झाला. आलेखात तिरकी सरळ रेषा मिळेल. ही रेषा म्हणजे गोळ्याचा रस्ता नव्हे. रेषा वर चढते, गोळा मात्र खाली येतो! रेषेचा चढ म्हणजे त्वरण. रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. ते येथे ८ मीटर आहे. पहिल्या २ सेकंदांचा लहान त्रिकोण पाहा. त्याचे क्षेत्रफळ फक्त २ मीटर अंतर दाखवते. वेळ दुप्पट, अंतर चौपट!

अशा आकृत्या चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यानेही काढल्या होत्या. गॅलिलिओने त्यांना प्रयोगाची जोड दिली.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताची बाजू घेतल्यामुळे १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवले. त्याला घरातच कैद केले. त्याची पुस्तके छापण्यास बंदी घातली. तरीही त्याने गतीवरील ग्रंथ पूर्ण केला. १६३८ मध्ये तो हॉलंडमधील लायडेन येथे छापला गेला. त्यात असाच त्रिकोण होता. पण तोपर्यंत गॅलिलिओची दृष्टी गेली होती. आपली छापलेली आकृती तो पाहू शकला नाही. ८ जानेवारी १६४२ रोजी तो मरण पावला.

मित्रांनो, आलेख काढताना घाई करू नका. त्याची रेषा नीट वाचा. ती समजण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले आहे.