चाकात मोटार बसवणारा फर्डिनांड पोर्शे

पहूरहून जळगावच्या किंवा अजिंठ्याच्या दिशेने धावणाऱ्या डिझेल पिकअपमध्ये केळी, कापूस, खताच्या गोण्या, लग्नाचे मंडप, सगळेच जाते. अशा गाडीत डिझेल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटारही बसवली तर? गाडीमालक लगेच तीन प्रश्न विचारेल : वजन किती वाढणार, किंमत किती वाढणार आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? हेच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात एका तरुण कारागिराला विचारले गेले होते. त्याचे नाव फर्डिनांड पोर्शे.

३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे काम करीत आणि मुलाने त्याच दुकानात बसावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाला मात्र विजेचे वेड लागले होते. दिवसा दुकानात हातोडी, संध्याकाळी तांत्रिक शाळेचा वर्ग, असे करीत त्याने अठराव्या वर्षी स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावले. पुढे तो व्हिएन्नाला गेला, विजेच्या एका कंपनीत कामाला लागला आणि तिथून लोहनर या बग्गी बनवणाऱ्या कारखान्यात पोहोचला.

लोहनरला घोड्यांविना चालणारी, पण धूर आणि धडधडाट नसलेली गाडी हवी होती. पोर्शेने मोटार थेट चाकाच्या तुंब्यातच बसवली. त्यामुळे साखळी, पट्टा, गिअर काहीच लागेना. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी गाजली. अडचण होती ती बॅटरीची. शिशाच्या त्या बॅटरीचे वजन सुमारे ४१० किलो होते. एका इंग्रज ग्राहकाने चारही चाकांत मोटारी असलेली गाडी मागवली, तेव्हा तर नुसती बॅटरीच १८०० किलोची झाली. आजच्या पिकअपमध्ये भरतात तेवढा माल, आणि तो उतरवायची सोय नाही!

यावर पोर्शेने काढलेला तोडगा म्हणजे हायब्रिड. गाडीवर पेट्रोल इंजिन ठेवायचे, पण ते चाकांना जोडायचे नाही. इंजिनाने जनित्र फिरवायचे, जनित्राने वीज द्यायची आणि विजेने चाकातल्या मोटारी फिरायच्या. त्यामुळे बॅटरी लहान केली तरी चालणार होते. पहिल्या नमुन्याचे नाव होते ‘सेम्पर विवुस’, म्हणजे सदा जिवंत. १९०१ पासून सुधारलेल्या गाड्या विक्रीला आल्या, पण मोजक्याच खपल्या. गाडी महाग, वजनदार, आणि इंजिन व वीज या दोन्हींची देखभाल एकाच मालकाच्या गळ्यात.

इथे थोडे शास्त्र. इंजिनाच्या ताकदीची वीज करायची आणि विजेची पुन्हा ताकद करायची, यात दर टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते. एकसारख्या वेगाने लांब जाणाऱ्या गाडीला साधा गिअरबॉक्स स्वस्तही पडतो आणि पुरतोही. हायब्रिडचा फायदा होतो तो थांबत-थांबत चालताना. ब्रेक लावल्यावर वाया जाणारी ऊर्जा तेव्हा बॅटरीत परत घेता येते आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवता येते. डिझेल इंजिन मुळातच काटकसरी आणि महाग, म्हणून त्यावर हा दुसरा खर्च भरून निघायला आणखी वेळ लागतो. पिकअपबाबतची शंका म्हणूनच खुळी नाही. मात्र बाजार समितीच्या आवारात इंजिन चालू ठेवून तासभर उभ्या राहणाऱ्या गाडीमागे हमाल श्वास घेत असतो, हेही हिशेबात धरायला हवे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे.

पोर्शेची कल्पना चालली ती अवजड कामात. पहिल्या महायुद्धात त्याने रस्त्यावरून चालणारी आगगाडीच तयार केली. पुढच्या वाहनात इंजिन आणि जनित्र, मागच्या डब्यांना केबलने वीज, आणि त्यांच्या चाकांत मोटारी. त्यावरून अजस्र तोफा ओढल्या गेल्या. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. आज खाणीतले मोठे डंपर आणि रेल्वेची डिझेल इंजिने याच तत्त्वावर चालतात. तिथे वजन अडचण ठरत नाही.

१९३१ मध्ये त्याने श्टुटगार्टला स्वतःची कचेरी काढली. सर्वांना परवडेल अशी मोटार करण्याचे काम हिटलरच्या राजवटीने त्याला दिले, तीच फोक्सवॅगन. १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला. युद्धात त्याने इंजिन-जनित्र-मोटार हीच मांडणी रणगाड्यात घातली. तांबे फार लागे, यंत्रणा तापे, गाडी बंद पडे. १९४२ च्या चाचण्यांत प्रतिस्पर्ध्याचा रणगाडा निवडला गेला. तरीही त्याने पुढे १८८ टनांचा ‘माउस’ त्याच तत्त्वावर केला.

पोर्शेच्या चरित्रांत यंत्रांवर पानेच्या पाने असतात, माणसांवर थोडी. ज्या फोक्सवॅगन कारखान्याच्या प्रमुखांपैकी तो एक होता, तिथे युद्धकाळात सुमारे वीस हजार माणसांना सक्तीने राबवले गेले. पोलिश आणि सोव्हिएत कामगार स्त्रियांची तान्ही बाळे त्यांच्यापासून काढून एका पाळणाघरात ठेवली गेली. रयूएन गावातल्या त्या घरात साडेतीनशेच्या आसपास बाळे घाण, संसर्ग आणि उपासमारीने दगावली. जबाबदार धरलेला कारखान्याचा डॉक्टर हान्स कोर्बेल १९४७ मध्ये फासावर गेला. पोर्शेवर या बाळांसाठी खटला झाला नाही.

फ्रेंचांनी त्याला डिसेंबर १९४५ मध्ये पकडले ते वेगळ्या आरोपांखाली. सत्तरीत त्याने सुमारे वीस महिने कैदेत काढले, त्यात दिजाँचा थंड तुरुंगही आला. १९४७ मध्ये तो जामिनावर सुटला आणि पुढे निर्दोष ठरला, पण प्रकृती खालावली ती सावरली नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये तो वोल्फ्सबुर्गचा कारखाना पाहून आला. तिथून फोक्सवॅगन गाड्या भराभर बाहेर पडत होत्या आणि त्या साध्या पेट्रोल इंजिनावर चालत होत्या. त्यानंतर लवकरच त्याला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूला गेलेल्या रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तेव्हा नव्हते. शुश्रूषा करायची आणि वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. ३० जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, श्टुटगार्टमध्ये त्याचे निधन झाले.