पन्नास पौंडांचा कॅमेरा

आमच्या सातपूरमधून जाणारा त्र्यंबक रस्ता सरळ धरला, की वीस-पंचवीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर लागते. ३० एप्रिल १८७० रोजी तिथे दाजीशास्त्री फाळके यांच्या घरी धुंडिराजचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखू लागला. पहिला चित्रपट, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३ साल, हे तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना दरवेळी एक व्यवहारातला प्रश्न खुणावतो. हातातल्या पैशांतून यंत्र आज घ्यावे, की आणखी सुधारलेले येईपर्यंत थांबावे?

हा प्रश्न सातपूरकरांच्या परिचयाचा आहे. औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार साधा लेथ घ्यावा की सीएनसी, याचा घोर लावून घेतो. बँकेत असताना असे यंत्रकर्जाचे कितीतरी प्रस्ताव माझ्या टेबलावर आले. हल्ली तोच प्रश्न लॅपटॉपचे रूप घेऊन घरात शिरला आहे. जुना लॅपटॉप रडतखडत चालतो. दुकानदार म्हणतो, आजच न्या. मुलगा म्हणतो, सहा महिने थांबा, नवी चिप येते आहे. सहा महिन्यांनी ती चिप येते, तोवर तिच्या पुढच्या चिपेची चर्चा सुरू झालेली असते. आमच्या पिढीने एकेक रेडिओ पंचवीस वर्षे वापरला. आम्हाला या शर्यतीची सवय नाही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका माणसाने याहून अवघड शर्यतीत उडी घेतली होती, आणि तीही घरदार पणाला लावून.

दादासाहेब चाळिशी ओलांडून चित्रपटाकडे आले, तोवर त्यांनी यंत्रांच्या दुनियेतल्या अनेक विद्या आत्मसात केल्या होत्या. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, शिल्पकाम आणि छायाचित्रण शिकले. रतलामला जाऊन रंगीत ठसे तयार करण्याचे तंत्र त्यांनी उचलले. गोध्ऱ्याला छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. या सरस्वतीबाईंचे नाव पुढे या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग नोकरी सोडून छापखाना. लोणावळ्याला सुरू झालेला हा व्यवसाय पुढे दादरला आला. रंगीत छपाईची आधुनिक यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये दादासाहेब स्वतः जर्मनीला गेले. यंत्रे आली, कामाचा लौकिक झाला आणि नेमक्या त्याच वेळी भागीदारांशी बिनसले. दादासाहेब उभा केलेला छापखाना सोडून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. उत्तमातले उत्तम यंत्र दाराशी आले, म्हणून धंदा आपला राहतोच असे नाही, हा धडा त्यांना चित्रपटाच्या आधीच मिळाला होता. नंतरची त्यांची पावले पाहताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि यांच्या मनात राम-कृष्ण हलू-बोलू लागले होते. बोलू हा शब्द मी सवयीने लिहिला. पडदा तेव्हा मुकाच होता. त्यानंतर घरात चित्रपटाच्या फितींचे तुकडे, भिंगे आणि मेणबत्त्या यांचा संसार सुरू झाला. रात्र रात्र जागून डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. पैसा मात्र संपला होता. अखेर सुमारे बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या आणि दहा हजारांचे कर्ज उभे राहिले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब लंडनच्या बोटीवर चढले.

आता त्या वेळच्या लंडनकडे जरा नीट पाहू. याच फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या स्काला थिएटरात दिल्ली दरबाराचा चित्रपट लागला होता, आणि तो चक्क रंगीत होता! किनेमाकलर नावाच्या तंत्राने राजा पंचम जॉर्ज, हत्ती, झुली, जवाहिर हे सारे रंगांत दिसत होते. चित्राला आवाज जोडण्याचे प्रयोगही युरोपात चालू होते. अमेरिकेत बेल अँड हॉवेल कंपनीचा धातूचा भक्कम कॅमेरा त्याच सुमारास येत होता. थांबण्यासाठी कारणे हवी असतील, तर त्या वर्षी ती पैशाला पासरी होती. रंग येतो आहे, आवाज येतो आहे, कॅमेरे सुधारत आहेत. मग कर्जाच्या पैशांतून लाकडी पेटीचा, हाताने दांडा फिरवायचा कॅमेरा आजच कशाला घ्यायचा?

दादासाहेब तडक ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. या अंकाचे ते नियमित वाचक होते. तिथल्या केबॉर्न नावाच्या संपादकाने त्यांना आधी परावृत्तच केले. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडाल्याचे आणि हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नसल्याचे सांगितले. पण या पाहुण्याची तयारी पाहून त्याच भल्या गृहस्थाने त्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तिथे दादासाहेबांनी चित्रपट कसा तयार होतो, हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घातले. मग पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म, एवढी मागणी नोंदवून १ एप्रिलला ते मुंबईला परतलेही.

इथे माझ्यातला बँकवाला पेन्सिल उचलतो. तेव्हा एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. पन्नास पौंडांचे झाले साडेसातशे. दहा हजारांच्या कर्जात कॅमेऱ्याचा वाटा दहा टक्क्यांचाही नाही! बाकीचा पैसा प्रवास, शिक्षण, कच्चा माल आणि काम पुरे होईपर्यंतचा घरखर्च यांच्यासाठी होता. छापखान्याच्या वेळी यंत्रे जर्मनीहून आणणारा हा माणूस या खेपेला कामापुरते यंत्र घेतो आणि उरलेले बळ कामासाठी राखतो. कर्जाच्या अर्जात यंत्राचे कोटेशन सगळेच जोडतात. यंत्र आल्यानंतरचे सहा महिने कसे निभणार, हा कागद बहुतेकांकडे नसतो. नव्या लॅपटॉपसाठी ऐपतीबाहेरचा हप्ता डोक्यावर घेणाऱ्यानेही हा कागद आधी लिहून पाहावा.

मे १९१२ मध्ये सामान मुंबईत पोचले. त्याच महिन्यात, १८ मे रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ कोरोनेशन थिएटरात झळकला. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता. कॅमेऱ्यामागे परका माणूस आणि फितीवरची प्रक्रिया लंडनला. तोही एक मार्ग होता. फाळक्यांना मात्र पेरणीपासून मळणीपर्यंत सारे आपल्या अंगणात हवे होते.

पेरणी हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. सावकारांना खात्री पटावी, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वाढला, वेल झाला. यंत्र काय करू शकते आणि ते चालवणारा किती धीराचा आहे, हे दोन्ही त्या एका मिनिटात कळत होते. विम्याच्या पॉलिसीवरचा मूळ प्रस्ताव कागदावर पाहिला असता, तर मी तो परत पाठवला असता. घरात लहान मुले, नोकरी नाही, धंद्याचा देशात दाखला नाही. पण हा वाटाण्याचा वेल पाहिल्यावर माझी लेखणी मंजुरीकडे झुकली असती. यंत्र हाती येताच त्यावर काहीतरी करून दाखवणारा कर्जदार क्वचितच भेटतो.

पुढचे वर्ष घरानेच चित्रपट झाल्याचे वर्ष होते. फिल्म भोकांविना येई. सरस्वतीबाई रात्री अंधार करून तिला भोके पाडत. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रण चालू असताना उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभे राहणे, रसायने कालवणे हेही त्यांच्याकडेच. त्यांचे दागिनेही या कामी आले. थोरला भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले गेले. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. यंत्र घरात आल्यापासून चित्रपट लोकांसमोर येईपर्यंत अवघे एक वर्ष लागले होते!

लवकरच दादासाहेबांनी आपला व्याप नाशिकला आणला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट इथे झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’ला तर अशी गर्दी लोटली, की गल्ल्यातली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे तिचे गाजलेले चित्रपट. त्यांत मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मधे भागीदारांशी मतभेद होऊन ते काशीला निघून गेले, नाटक लिहिले आणि काही वर्षांनी परतलेही. एकूण हिशेब मांडला, तर सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसएक लघुपट! साडेसातशे रुपयांच्या त्या पहिल्या खरेदीने किती पट फेड केली, हे सांगायला बँकेची गरज नाही.

आणि ज्यांची वाट पाहता आली असती, त्या गोष्टींचे काय झाले? लंडनला भुरळ घालणारे किनेमाकलर पेटंटच्या कोर्टकज्ज्यात सापडले आणि काही वर्षांतच मावळले. त्यासाठी लागणारे खास प्रक्षेपक ज्यांनी घेतले, त्यांचे पैसे पाण्यात गेले. आपल्याकडे आवाज आला १९३१ मध्ये. देशात तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट ‘किसान कन्या’ आला १९३७ मध्ये. दादासाहेब आवाजासाठी थांबले असते, तर एकसष्टाव्या वर्षी आरंभ करते. रंगासाठी थांबले असते, तर सदुसष्टीच्या उंबरठ्यावर.

पण गोष्ट इथे संपत नाही. घाई फळली एवढेच सांगून थांबलो, तर तो दादासाहेबांच्या चरित्राचा अर्धा भाग झाला.

उतारवयात त्यांनी ‘सेतुबंधन’ हा भव्य मूकपट हाती घेतला. मधेच पैसा संपला, काम अडले, पुन्हा जुळवाजुळव झाली. चित्रपट पुरा व्हायला दोन वर्षे गेली. त्या अवधीत, १४ मार्च १९३१ रोजी, ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. १९३२ मध्ये ‘सेतुबंधन’ मुकाच बाहेर आला, तेव्हा प्रेक्षकाला बोलत्या-गात्या पडद्याची चटक लागली होती. पुढे १९३४ मध्ये त्याला मागाहून आवाज जोडून तो पुन्हा दाखवावा लागला. १९१२ मध्ये आवाज नसलेले यंत्र घेतले, हे या अपयशाचे कारण नव्हते. त्या यंत्राने आपले काम केव्हाच चोख केले होते. ‘सेतुबंधन’ला मारले ते अडलेल्या कामाने. यंत्राचेही एक आयुष्य असते आणि हातातले काम त्या आयुष्यात बसवावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ सात महिन्यांत बसला. ‘सेतुबंधन’ दोन वर्षे रेंगाळला आणि काळ पुढे निघून गेला. म्हणून नवे यंत्र केव्हा येणार, याआधी आपले काम केव्हा उरकणार, हे विचारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. काम समोर असेल आणि जुने यंत्र ते अडवत असेल, तर आजच घ्यावे. कामच ठरले नसेल, तर खुशाल थांबावे. तेव्हा थांबण्याने काही बिघडत नाही.

नियतीचा खेळ असा, की १९३२ मध्येच कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने आपला पहिला बोलपट आणला, ‘अयोध्येचा राजा’. म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच! या खेपेला तारामती दुर्गाबाई खोटे होत्या आणि ती बोलत होती. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. प्रभातनेही आधी मूकपटच काढले होते; पण पाऊल वेळीच उचलले.

दादासाहेबांना स्वतःचा बोलपट करायला मिळाला तो १९३७ मध्ये, कोल्हापूरला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. त्यानंतर ते नाशिकला परतले. चित्रसृष्टीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी शांतारामबापूंच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी मदत गोळा झाली आणि त्यातून नाशिकमध्ये एक घर उभे राहिले. बोलक्या हरिश्चंद्राच्या कर्त्याने मुक्या हरिश्चंद्राच्या कर्त्याची अशी आठवण ठेवली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच दादासाहेबांचे निधन झाले.

१९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो घेणारे कलावंत ज्या यंत्रांवर काम करून मोठे झाले, त्यांतली कितीतरी दादासाहेबांनी पाहिलीही नव्हती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मुलांना घेऊन कधी गेलात, तर हरिश्चंद्राची गोष्ट सांगाच. पण त्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची सांगा. नव्या यंत्रापुढे एका माणसाने महिनाभर रोज थोडा वेळ बसून काय मिळवले, ते मुलांना त्यातून चटकन कळेल.