संत बर्नादेत आणि तिच्या घरची ओढाताण



११ फेब्रुवारीला लूर्ड्समातेचा सण येतो. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, ग्रोटोसमोर जपमाळ म्हणतो, मेणबत्त्या लावतो. मरियामातेपुढे गुडघे टेकून बसलेली, डोक्यावर रुमाल बांधलेली ती मुलगी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गुहेपाशी तिने काय पाहिले ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण ती तान्ही असताना तिच्या आईबापांवर काय वेळ आली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून या वेळी आम्ही गुहेऐवजी पाळण्यापासून सुरुवात करणार आहोत.

याला एक कारण आहे. आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामात एक तरुण जोडपे एका संध्याकाळी भेटायला आले. बाळ पाच महिन्यांचे झाले होते. बाप्तिस्म्याची ठरलेली तारीख पुढे ढकलावी, अशी त्यांची विनंती होती. कारण विचारले तर दोघेही गप्प. मग हळूहळू बोलू लागले. त्याचे काम सुटले होते, कर्जाचे हप्ते थकले होते, हॉल आणि जेवणासाठी पैसे नव्हते. बाप्तिस्म्याला हॉल लागत नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. ते त्यांनाही माहीत होते. त्यांना धास्ती होती ती लोक काय म्हणतील याची. ते गेल्यावर आम्हांला फ्रान्समधल्या सुबिरू कुटुंबाची आठवण झाली.

पाणचक्कीतला संसार

लूर्ड्स हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे एक छोटे गाव. गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्यावर पाणचक्क्या होत्या. त्यातली बोली नावाची चक्की चालवणारा माणूस, जुस्तँ कास्तेरो, १८४१ मध्ये अपघातात गेला. घरात विधवा आणि मुली. चक्की चालवायला हुशार हात हवा होता. तेव्हा फ्रान्स्वा सुबिरू या गिरणीवाल्याचे नाव पुढे आले. थोरल्या मुलीशी त्याचे लग्न व्हावे, असा घरच्यांचा विचार होता. पण फ्रान्स्वाच्या मनात भरली ती धाकटी लुईज. ९ जानेवारी १८४३ रोजी चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. तो ३५ वर्षांचा, ती १७ वर्षांची.

वर्षभराने, ७ जानेवारी १८४४ रोजी, त्यांना पहिली मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आईबापांच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी, तिचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले मारी-बर्नार्द. मावशी बर्नार्द हीच धर्ममाता. घरात सगळे तिला बर्नादेत म्हणू लागले.

बाळ दहा महिन्यांचे होते. नोव्हेंबरमधली एक रात्र. लुईज पुन्हा गरोदर होती आणि दिवसभराच्या कामाने थकून शेकोटीपाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. वर टांगलेली राळेची मेणबत्ती तिच्या अंगावर पडली, कपड्यांनी पेट घेतला. जीव वाचला, पण छाती भाजली. बाळाला अंगावर पाजणे अशक्य झाले.

 बाळासाठी दूधआई शोधावी लागली. लूर्ड्सपासून तासाभराच्या चालीवर बार्त्रेस नावाचे खेडे आहे. तिथल्या मारी लाग्युएसचे पहिले मूल जन्मल्यावर काही दिवसांतच दगावले होते. तिने बर्नादेतला पदराखाली घेतले. महिन्याला पाच फ्रँक ठरले. ते रोख द्यावेत किंवा धान्याच्या रूपाने. ज्या घरात मूल नुकतेच गेले होते त्या घरात हे परके मूल दूध पिऊन वाढले. दोन्ही घरांना एकमेकांची गरज होती. पैशाचा व्यवहार होता, तरी त्यात माया होती. म्हणूनच पुढे अडचणीच्या काळात बर्नादेतला याच घरी पुन्हा पाठवले गेले.

लुईजला १८४५ च्या फेब्रुवारीत मुलगा झाला. तो दोन महिनेही जगला नाही. थोरले बाळ दुसऱ्याच्या घरी, धाकटे कबरीत, आणि आई वीस वर्षांचीसुद्धा नाही! सुमारे दीड वर्षानंतर, १८४६ च्या वसंतात, बर्नादेत आपल्या घरी परत आली.

उधारीची वही

फ्रान्स्वा मेहनती होता, पण व्यवहारात कच्चा. गरीब बायका दळण घेऊन येत. पैसे नंतर देते म्हणाल्या की तो मान हलवी. लुईजही आल्या-गेल्याला खाऊपिऊ घातल्याशिवाय जाऊ देत नसे. उधारी वाढत गेली, वसुली होईना. त्यातच जात्याच्या दगडाला टाकी लावताना कपची उडाली आणि फ्रान्स्वाचा डावा डोळा गेला. घरात मुले वाढत होती, चक्कीचे भाडे थकत होते. १८५४ मध्ये बोलीची चक्की सोडावी लागली.

इथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. फ्रान्स्वाचे मन मोठे होते, याबद्दल शंका नाही. पण हिशेब न ठेवणे हा काही सद्गुण नव्हे. त्याच्या उधारीची किंमत त्याच्या मुलांनी मोजली. आई मजुरीला जाऊ लागली तेव्हा धाकट्यांना सांभाळायला बर्नादेत घरी राहिली. तान्ह्या जुस्तँला कडेवर घेऊन, आई शेतात काम करत असे तिथे दूध पाजण्यासाठी ती घेऊन जाई. शाळा राहिली. चौदाव्या वर्षीही तिला वाचता येत नव्हते. ती मंदबुद्धीची होती असे कोणी म्हणतो, पण ते खरे नाही. घरच्या ओढाताणीत तिच्या वाट्याला पाटी आलीच नाही.

१८५५ मध्ये लूर्ड्समध्ये कॉलऱ्याची साथ आली. बर्नादेत वाचली, पण दम्याने तिला कायमचे धरले. त्याच वर्षी आजी वारली आणि तिच्या मागे ९०० फ्रँक लुईजच्या वाट्याला आले. त्यातून त्यांनी आर्सिझाक गावात पुन्हा एक चक्की भाड्याने घेतली. वर्षभरात तीही हातची गेली. फ्रान्स्वा आता रोजंदारीवर जाऊ लागला. दिवसाला १.२० फ्रँक मिळत. दिवसभरासाठी घोडा भाड्याने घ्यायचा तर याहून जास्त द्यावे लागत.

जुन्या तुरुंगाची खोली

१८५७ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे भाड्यालाही पैसे उरले नाहीत. एका नातेवाइकाने आपल्या घराच्या तळमजल्याची खोली त्यांना वापरायला दिली. ती पूर्वी गावचा तुरुंग होती. कैद्यांच्या प्रकृतीला अपायकारक म्हणून तुरुंग तिथून हलवण्यात आला होता. खोली सुमारे १२ फूट रुंद, १४ फूट लांब. बाहेर ओलसर अंगण आणि उकिरडा. कैद्यांना जी जागा योग्य नव्हती, तिथे आईबाप आणि चार मुले राहू लागली.

त्याच वर्षी २७ मार्चला पोलीस दारात आले. गावातल्या एका बेकरीवाल्याच्या पिठाची दोन पोती चोरीला गेली होती. त्याचा संशय फ्रान्स्वावर. फ्रान्स्वा पूर्वी त्याच्याकडे कामाला होता, आणि तेव्हा तो प्रामाणिकपणे वागला हे बेकरीवाल्यालाही मान्य होते. मग संशय का? त्याची हलाखी पाहून हाच चोर असावा असे वाटले, हे त्याने स्वतःच सांगितले. आठवडाभर फ्रान्स्वा कोठडीत होता. पुरावा काहीच नव्हता, म्हणून ४ एप्रिलला सुटला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही तर्कशास्त्रातल्या चुकांची मोठी यादी पाठ केली होती. या बेकरीवाल्याची चूक त्या यादीत अगदी शोभली असती. चोराला पिठाची गरज असते. या माणसाला पिठाची गरज आहे. म्हणून हा चोर! परीक्षेत असे लिहिले असते तर गुण मिळाले नसते. पण गावात, चाळीत, चर्चच्या आवारात हाच तर्क आपण किती सहज करतो! एखाद्याचे काम सुटले की तो आळशी असणार. हप्ते थकले की उधळ्या असणार. वर्गणी दिली नाही की त्याची श्रद्धा कमी असणार. गरज आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आपण आणखी एक पोते ठेवतो.

या सगळ्यात सुबिरू कुटुंब मात्र फुटले नाही. त्या खोलीत संध्याकाळी एकत्र प्रार्थना होई. शेजाऱ्यांना ती ऐकू येई. नवराबायकोने एकमेकांवर दोष ढकलून संसार मोडला नाही. भाकरी कमी होती, पण जी होती ती वाटली जात होती.

लाकडे आणायला

१८५७ च्या सप्टेंबरात बर्नादेत बार्त्रेसला आपल्या दूधआईकडे कामाला गेली. घरात एक खाणारे तोंड कमी, हा हिशेब. तिथे तिने मेंढ्या राखल्या. पण तिला पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता आणि त्यासाठी धर्मशिक्षण हवे होते. १८५८ च्या जानेवारीत ती हट्टाने घरी परतली, त्याच अंधाऱ्या खोलीत.

११ फेब्रुवारी १८५८. गुरुवार. थंडी होती आणि चुलीसाठी लाकूड नव्हते. बर्नादेत, तिची बहीण त्वानेत आणि एक मैत्रीण लाकडे गोळा करायला नदीकाठी मासाबिएलच्या गुहेपाशी गेल्या. पुढची हकिगत आपल्याला माहीत आहे. १६ जुलैपर्यंत १८ वेळा तिला मरियामातेचे दर्शन झाले. त्या दिवशी घरात सरपण असते तर ती तिकडे गेलीही नसती. गरिबी ही देवाची इच्छा असते, असे यावरून कोणी म्हणू नये. पण चूल पेटवण्याच्या चिंतेत असलेल्या घराची वाट देवाला ठाऊक असते, एवढे मात्र आम्ही निःशंकपणे म्हणू शकतो.

लोक लोटू लागले. श्रीमंत पाहुणे नाणी पुढे करू लागले. बर्नादेतने एकही घेतले नाही. आईबापांनीही घेतले नाही. विचार करा, ज्या माणसाला दोन पोत्यांसाठी चोर ठरवले, त्याच्या दारात सोने येत होते आणि तो ते परत करत होता! पुढे बिशपांच्या मदतीने त्यांना पुन्हा चक्की मिळाली. ती त्यांनी स्वीकारली. भीक नको, काम हवे, हा फरक त्यांना नीट कळत होता.

१८६६ च्या जुलैत बर्नादेत नव्हेर येथील मठात गेली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, अमलोद्भव मातेच्या सणादिवशी, लुईज वारली. वय अवघे ४१. तिने नऊ मुलांना जन्म दिला होता, त्यातली चारच मोठी झाली. १८७१ मध्ये फ्रान्स्वा गेला. दोन्ही वेळा बर्नादेत दूर मठात होती. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, तीही प्रभूच्या घरी गेली. ८ डिसेंबर १९३३ रोजी, आईच्या मृत्यूच्या तारखेलाच, पोप अकरावे पायस यांनी तिला संत म्हणून घोषित केले.

आपल्यासाठी

ज्या तरुण घरांत आज पाळणा हलतो आहे आणि महिन्याची वीस तारीख उजाडली की काळजी सुरू होते, त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली, नवराबायकोने एकमेकांपासून कर्ज लपवू नये. हिशेबाची वही दोघांच्या समोर उघडी असावी. दुसरी, मूल झाले म्हणून दिखाव्यासाठी व्याजाने पैसे काढू नयेत. बर्नादेतच्या बाप्तिस्म्याला तिसरा दिवस पुरेसा होता. तिसरी, मदत मागायला लाजू नये. लुईजने आपले बाळ दुसरीच्या पदराखाली दिले, म्हणून ते जगले.

आणि बाकीच्या आपण सर्वांनी बेकरीवाल्याचा तर्क सोडून दूधआईचा पदर पुढे करावा. त्या जोडप्याच्या बाबतीत आमचीही एक चूक झाली. बाप्तिस्म्याबद्दल आम्ही पुष्कळ बोललो, पण घरी बाळाला दूध आहे का, हे विचारायचे राहून गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते विचारले. बाप्तिस्मा त्याच महिन्यात एका रविवारी मिस्सेनंतर झाला. बाळाच्या आजीने घरून नारळाची वडी करून आणली होती. चर्चच्या पायरीवर सर्वांनी ती वाटून खाल्ली. कोणीही काही म्हटले नाही.

या सणाला ग्रोटोसमोर मेणबत्ती लावताना त्या मुलीच्या मागे तिचे आईबापही उभे आहेत, असे मनात आणू या. आपल्या गल्लीत अशी अडचण कोणत्या घरात असेल याचा विचार करू या, आणि मेणबत्ती विझण्याआधी त्या घरी जाऊन येऊ या.

लूर्ड्समाते, आमच्या तरुण कुटुंबांसाठी विनंती कर. संत बर्नादेत, आमच्यासाठी विनंती कर.

आपले धर्मगुरू